जुन्या काउंटी क्रिकेटपटूची कारकीर्द कशी अभ्यासावी : केंटच्या कॉलिन ब्लाइथ यांचा दाखला

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या एखाद्या इंग्लिश काउंटी (म्हणजे परगणा) संघाच्या खेळाडूचे नाव समोर आले की आपण सवयीने आधी त्याचे कसोटी सामने मोजतो आणि तिथेच गफलत होते. केंटचे डावखुरे फिरकी गोलंदाज कॉलिन ब्लाइथ केवळ १९ कसोटी सामने खेळले. त्यांत त्यांनी १०० बळी घेतले खरे, परंतु १८९९ ते १९१४ या काळात ते प्रथम श्रेणीचे एकूण ४३९ सामने खेळले आणि १६.८१ च्या सरासरीने त्यांनी २,५०३ बळी मिळवले. व्यावसायिक खेळाडूची रोजीरोटी काउंटीवरच चालत असल्याने अभ्यासाची सुरुवात काउंटीच्या हंगामांपासूनच करावी.

प्रथम हंगामवार तक्ता तयार करावा. ब्लाइथ यांनी १४ हंगामांत शंभराहून अधिक बळी घेतले आणि १९०९ मध्ये हा आकडा २१५ वर गेला. असा तक्ता संघाच्या यशाशेजारी ठेवावा. केंटने १९०६, १९०९, १९१० आणि १९१३ अशी चार वेळा काउंटी अजिंक्यपद स्पर्धा जिंकली, म्हणजे त्यांची कारकीर्द आणि केंटचा सुवर्णकाळ एकच होत. षटकांची संख्या पाहताना मात्र सावध राहावे, कारण इंग्लंडमध्ये १९०० पासून षटक सहा चेंडूंचे झाले, त्याआधी ते पाच चेंडूंचे होते.

मग खेळाडू हौशी होता की व्यावसायिक, हे ठरवावे. त्या काळच्या धावफलकांवर हौशी खेळाडूच्या नावाआधी ‘मिस्टर’ किंवा आद्याक्षरे छापत, तर व्यावसायिकाचे अनेकदा नुसते आडनावच असे. हा भेद सामाजिक होता आणि माझ्या मते तो नजरेआड करून त्या काळचा एकही खेळाडू समजणार नाही. डेप्टफर्डमध्ये जन्मलेल्या ब्लाइथ यांचे वडील वुलिच येथील शस्त्रास्त्र कारखान्यात काम करीत आणि ते स्वतःही तेथे कामाला लागले होते. ब्लॅकहीथच्या मैदानावर सरावात चेंडू टाकताना केंटच्या प्रशिक्षकांची नजर त्यांच्यावर पडली, तेव्हा कुठे क्रिकेटची वाट मोकळी झाली.

यानंतर एकच सामना निवडावा आणि तो नीट, सावकाश वाचावा. १९०७ च्या मे महिन्याच्या अखेरीस नॉर्दम्प्टन येथे सुरू झालेला सामना यासाठी उत्तम आहे. केंटने २५४ धावा केल्या, दुसरा दिवस पावसाने वाया गेला आणि नॉर्दम्प्टनशायरचे डाव ६० व ३९ धावांत आटोपले. ब्लाइथ यांनी पहिल्या डावात ३० धावांत १० आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ७, म्हणजे सामन्यात ४८ धावांत १७ बळी घेतले. हे वाचून थक्क व्हावे, पण तिथेच थांबू नये. खेळपट्टी झाकण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे भिजलेली खेळपट्टी वाळू लागली की चेंडू अचानक वळे आणि उसळे. प्रतिस्पर्ध्याची ताकदही तपासावी. नॉर्दम्प्टनशायर १९०५ मध्येच या स्पर्धेत दाखल झाले होते आणि पुढच्याच पंधरवड्यात ग्लॉस्टरशायरविरुद्ध ते अवघ्या १२ धावांत बाद झाले. त्या सामन्यात १५ बळी घेणारे जॉर्ज डेनेट हेही डावखुरे फिरकी गोलंदाजच होते आणि दोन हजारांवर बळी मिळवूनही त्यांना एकही कसोटी लाभली नाही. इंग्लंडकडे विल्फ्रेड ऱ्होड्स आणि ब्लाइथ हे याच शैलीचे दोन गोलंदाज असताना तिसऱ्याला जागा कुठून मिळणार? कसोटींची संख्या हे गुणवत्तेचे माप का नव्हे, हे यावरून कळते.

उलट तपासणीसाठी त्याच उन्हाळ्यातील हेडिंग्ली येथील दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी घ्यावी. इंग्लंडचा पहिला डाव ७६ धावांत संपला, तरीही ब्लाइथ यांनी ९९ धावांत १५ बळी टिपले आणि इंग्लंड ५३ धावांनी जिंकले. प्रतिस्पर्धी दुबळा नव्हता, दडपणही मोठे होते. म्हणून नॉर्दम्प्टनच्या आकड्यापेक्षा ही कामगिरी मी मोठी मानतो.

आकड्यांतील खंडांची कारणेही शोधावीत. ब्लाइथ यांना अपस्माराचा विकार होता आणि कसोटीचा ताण त्यांना सोसत नसे. १९०९ मध्ये एजबॅस्टन येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध ११ बळी घेऊनही वैद्यकीय सल्ल्यामुळे ते लॉर्ड्सची पुढची कसोटी खेळले नाहीत. संघातून वगळले गेले असे समजून बसलो, तर आपण त्यांच्यावर अन्याय करू.

कारकीर्द का थांबली, हेही याच काळजीने पाहावे. १९१४ मध्ये त्यांनी १७० बळी घेतले होते, म्हणजे हात थकला नव्हता. पहिले महायुद्ध सुरू होताच ते सैन्यात भरती झाले आणि ८ नोव्हेंबर १९१७ रोजी बेल्जियममधील पाशेनडेलजवळ तोफगोळ्याच्या स्फोटात मारले गेले.

शेवटी, तुलना करायची तर समकालीनाशी करावी. १९११ मध्ये भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला तेव्हा बाळू पालवणकर यांनी दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले, तेही डावऱ्या हाताच्या फिरकीवर. त्यांच्या प्रथम श्रेणी कारकिर्दीत मात्र ३३ सामने आणि १७९ बळी एवढेच दिसतात, कारण त्या काळी भारतात प्रथम श्रेणीचे सामने वर्षाकाठी मोजकेच होत. एकूण बळींऐवजी प्रत्येक सामन्यामागील बळी काढले, तर ब्लाइथ यांचे ५.७ आणि बाळूंचे ५.४ येतात.