एक शंख, एक चित्र आणि पंधरा मिनिटं

पंधरा मिनिटं काहीतरी नीट निरखून बघायचं असेल, तर कपाटभर वस्तू मांडू नका. मी ती चूक केली होती. शिंपले, बिया, पिसं, सगळी गर्दी, आणि बघायचं राहूनच गेलं. आता टेबलावर एकच वस्तू आणि शेजारी एकच चित्र ठेवते.

सध्या एक शंख आहे (रिकामा, आत जीव असेल तर उचलूच नका). टोक वर, तोंड आपल्याकडे असा धरा. बहुतेक शंखांचं तोंड उजवीकडे येतं. शेजारी डच चित्रकार रेम्ब्रांटच्या १६५०च्या शंखाच्या छापचित्राची प्रत ठेवली आहे. त्यातला वेढा उलटा! पत्र्यावर कोरलेलं कागदावर आरशासारखं उलटं उमटतं. सही मात्र छापात सरळ येईल अशीच कोरलेली. मग शंखाचं राहून गेलं, की त्याला फरक पडत नव्हता? मी हे तसंच वहीत लिहिलं. उत्तर लगेच शोधायला जाऊ नका, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

मग डोळे मिटून टोकापासून ओठापर्यंत, म्हणजे तोंडाच्या कडेपर्यंत, बोट फिरवा. टोक सगळ्यात जुनं, वाढ कडेला होते. माझ्या शंखावर मध्येच एक ओबडधोबड रेघ लागते. तिथे कधीतरी कड फुटली असावी, आणि पुढे पुन्हा गुळगुळीत.