मदतीला धावण्याआधी थांबायला शिकवा: स्वयंसेवकांच्या ट्रेनिंगबद्दल थोडं

भूकंप-पूर अशा आपत्तीत मदतीला जाणाऱ्या स्वयंसेवकांची टीम उभी करायची म्हटलं की पहिल्या मीटिंगला हवशे-नवशे-गवशे सगळेच येतात आणि प्रत्येकाला दोरीवरून उतरायचं असतं नाहीतर ढिगाऱ्यात शिरायचं असतं. ती हौस मोडू नका, पुढे कामाला येते. पण पहिल्या दिवशी दोरीला हातसुद्धा लावू देऊ नका, त्या दिवशी फक्त थांबायला शिकवायचं.

हे का म्हणतोय, तर १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीत मोठा भूकंप झाला तेव्हा कसलंही ट्रेनिंग नसलेल्या साध्या लोकांनी आठशेच्या वर माणसं जिवंत बाहेर काढली, आणि ते करताना शंभरावर स्वयंसेवक स्वतःच गेले. दोन्ही आकडे एकत्र सांगा, नुसता पहिला सांगितला तर पोरांना चेव येतो. त्याच काळात लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने सामान्य नागरिकांसाठी कोर्स काढला, त्यालाच आज सर्ट (CERT, म्हणजे वस्तीतल्याच लोकांची आपत्कालीन मदत टीम) म्हणतात, साधारण २० तासांचा असतो. म्हणजे चार शनिवार-रविवार धरले तर आरामात बसतं, महिनाभर लेक्चरं झोडायची गरज नाही.

थांबायचं म्हणजे नक्की काय, तर आम्ही एक खेळ घेतो. एका खोलीत टेबल-खुर्च्या आडव्यातिडव्या टाकायच्या, लाइट बंद, आतून कोणीतरी "वाचवा वाचवा" ओरडणार. दारात पोचलेल्याने आत पाऊल टाकायच्या आधी तीन गोष्टी मोठ्याने बोलायच्या: मला इथे काय लागू शकतं, मी बाहेर कुठून पडणार, आणि मी आत गेलोय हे कोणाला माहिती आहे. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळेच थेट आत घुसतात आणि आम्ही खोलीच्या मध्यात एक वायर टाकून ठेवलेली असते, चालू करंटची समजायची, तिच्यावर पाय पडला की तो माणूस पेशंट. एकदा पाच मिनिटांत आमचे सहा पेशंट झाले होते, मूळचा ओरडणारा वेगळाच.

पाण्याचंही तसंच. वाहतं पाणी फक्त १५ सेंमी असलं तरी मोठ्या माणसाचा पाय उचलला जातो, ३० सेंमीत छोटी गाडी तरंगायला लागते आणि ६० सेंमीत बहुतेक गाड्या वाहून जातात. हे आकडे पाठ करून घ्या, आणि पट्टी लावून पायावर दाखवा म्हणजे १५ सेंमी म्हणजे घोट्याच्या थोडंसंच वर हे डोळ्यांना कळतं. बुडणाऱ्याला काठी द्यायची, दोरी किंवा तरंगणारं काहीतरी फेकायचं, स्वतः उडी मारायची नाही. चांगलं पोहता येणारे यावर वाद घालतात, घालू द्या, नियम बदलू नका.

टीम कशी बांधायची हे पटकन सांगतो. कोणीही एकटं फिरायचं नाही, जोडी ठरलेली, आणि एका लीडरच्या हाताखाली पाच माणसं बरी, सातच्या वर गेली की त्याला कोण कुठे आहे ते आठवत नाही. लीडर जागेवर हवा, फोनवरून उंटावरून शेळ्या हाकणारा नको.

फर्स्ट एडमध्ये शंभर गोष्टी असतात, पण सुरुवातीला रक्त थांबवणं, सीपीआर (हृदय बंद पडलेल्याची छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं) आणि माणूस उचलणं एवढंच घ्या आणि प्रत्येकाकडून हाताने करून घ्या. सीपीआरला मोठ्या माणसाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंमी खोल, ३० दाबांनंतर दोन श्वास. दोन मिनिटांत घाम फुटतो म्हणून माणूस बदलायची सवय पण तिथेच लावा. रक्तासाठी आधी जखमेवर सरळ जोरात दाबून धरायचं, सारखं उघडून बघायचं नाही. हातापायातून रक्त उसळतंय आणि दाबूनही थांबत नाही तर टूर्निके, म्हणजे आवळून बांधायचा पट्टा, जखमेच्या ५ ते ७ सेंमी वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत घट्ट. बांधलेला माणूस कळवळतो, दुखणारच, म्हणून सैल करायचं नाही. आमच्यातल्या एकीने ड्रिलमध्ये इतकं सुंदर बांधलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मग मी विचारलं किती वाजता बांधलंस, तर गप्प. वेळ लिहिलेलीच नव्हती, आणि डॉक्टरला सगळ्यात आधी तीच लागते. आता आमच्या प्रत्येक किटला मार्कर सुतळीने बांधलेला असतो.

उचलताना गोंधळ वेगळाच. चार जण चादरीला धरतात, कोणीतरी "एक दोन तीन" म्हणतं, दोघं तीनला उचलतात आणि दोघं तीन म्हणून झाल्यावर. पेशंट तिरका. म्हणून डोक्याकडचा माणूसच ऑर्डर देणार आणि शब्द ठरलेला, आम्ही "तयार... उचल" म्हणतो, तुम्ही काहीही ठरवा.

जखमी जास्त आणि हात कमी असतील तेव्हा कोणाला आधी बघायचं हे रंगांनी ठरवणारी स्टार्ट नावाची पद्धत शिकवा: लाल म्हणजे लगेच, पिवळा म्हणजे थोडं थांबू शकतो, हिरवा म्हणजे किरकोळ, काळा म्हणजे गेलेला. चालू शकतात ते आधी बाजूला, हिरवे. बाकीच्यांचा श्वास मिनिटाला ३० च्या वर असेल, नख दाबून सोडल्यावर रंग यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील, किंवा साधी सूचना कळत नसेल तर लाल, नाहीतर पिवळा. श्वासच नसेल तर श्वासमार्ग मोकळा करून बघायचा, सुरू झाला तर लाल, नाहीच झाला तर काळा आणि पुढच्याकडे जायचं. ती शेवटची पायरी कागदावर सोपी आहे. ड्रिलमध्येसुद्धा लोक तिथे अडकतात, उठवत नाही त्यांना तिथून, म्हणून ही प्रॅक्टिस दोन-तीनदा घ्या आणि नंतर बसून बोला त्याच्यावर.

आता कंटाळवाणा पण खरा भाग, कारण बहुतेकांच्या वाट्याला ढिगारा येतच नाही, येते ती याद्या करणं आणि रांग सांभाळणं. छावणीत माणशी दिवसाला निदान १५ लिटर पाणी आणि २० माणसांमागे एक संडास हा हिशोब स्फिअर नावाच्या, मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांत आहे, तो धरून कागदावर २०० माणसांची छावणी मांडायला लावा, पोरं गणित करताना हादरतात. रांगेत म्हातारे, गरोदर बायका, अपंग यांना मागे कोण ढकलतं हे बघायला एक माणूस मोकळा ठेवा. वाटप करताना फोटो काढायचे नाहीत. घर गेलेल्या माणसाला "काय झालं सांगा ना" असं खोदून विचारायचं नाही, बोलला तर ऐकायचं, आणि "सगळं ठीक होईल" असलं आश्वासन तर अजिबात द्यायचं नाही. पाणी कुठे, डॉक्टर कुठे, नातेवाइकांशी फोन कसा लागेल, एवढं नीट सांगितलं तरी बरंच.

ड्रिल दर तीन महिन्यांनी घ्या, सीपीआरचा हात तेवढ्यात बिघडायला लागतो. एखादी रात्री आणि फोन बंद ठेवून घ्या, कारण वॉट्सअप ग्रुपवर चालणारी टीम टॉवर पडला की पांगते. आणि येताना सही, जाताना सही. आमच्या पहिल्या रात्रीच्या ड्रिलला बावीस आत गेले आणि वहीत बाहेर पडलेले एकवीस, पाऊण तास टॉर्च घेऊन शोधत होतो सगळे, शेवटी कोणीतरी त्याच्या घरी जाऊन बेल वाजवली तर हा पठ्ठ्या जेवून गाढ झोपलेला.