ग्रामीण अमेरिकेचा राजकीय कल वाचताना या चुका टाळा

अमेरिकेत निकाल लागले की काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे राज्याचा आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग) रंगवलेला नकाशा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो आणि दोन तासांत सगळेच जाणकार होतात. लाल म्हणजे रिपब्लिकन, निळा म्हणजे डेमोक्रॅट, एवढ्या भांडवलावर अख्ख्या ग्रामीण अमेरिकेचं निदान उरकलं जातं. रंगापलीकडे काय बघायचं यासाठी केंटकी राज्याच्या पूर्वेकडची एलियट काउंटी घेऊ. 2020च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 7,354, म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं गाव. 1869 मध्ये स्थापना झाल्यापासून 2012पर्यंत अध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत तिने डेमोक्रॅटिक उमेदवारालाच आघाडी दिली. 2016 मध्ये मात्र 70 टक्के मतं ट्रम्प यांना पडली.

पक्षनोंदणी म्हणजेच मत, असं धरणं

केंटकीत मतदार नाव नोंदवतानाच पक्ष लिहून देतो. आपल्याकडे ही भानगडच नाही, त्यामुळे ‘नोंदणीकृत डेमोक्रॅट’ वाचलं की आपण त्याला पक्षाचा कार्यकर्ता समजून बसतो. प्रत्यक्षात कारण बरंच व्यवहारी असतं. इथली प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक, बंद असते, ज्या पक्षात नाव त्याच पक्षाच्या उमेदवार-निवडीत मत. एलियटसारख्या काउंटीत शेरीफ (पोलीसप्रमुख), जेलर, काउंटी क्लार्क अशा स्थानिक पदांचा फैसला वर्षानुवर्षं डेमोक्रॅटिक प्रायमरीतच व्हायचा. तिथे नाव नसेल तर गावच्या कारभारात बोलायला जागाच नाही. शिवाय प्रायमरीसाठी पक्ष बदलायचा तर आदल्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत बदलावा लागतो. एवढा खटाटोप कोण करतो? म्हणून माणसाचं मत आधी फिरतं आणि कागद मागाहून. सगळ्या केंटकीत रिपब्लिकन नोंदणी डेमोक्रॅट नोंदणीच्या पुढे गेली ती थेट 2022च्या जुलैत. अध्यक्षपदासाठी हे राज्य तर 2000पासून रिपब्लिकनच आहे.

काउंटी एका रात्रीत उलटली, असं म्हणणं

2004 मध्ये डेमोक्रॅट जॉन केरी यांना एलियटमध्ये सुमारे 70 टक्के मतं होती. 2008 मध्ये ओबामांना 61. 2012 मध्ये ओबामांना 49, रिपब्लिकन रॉम्नी यांना 47, आणि फरक जेमतेम साठेक मतांचा. नकाशावर मात्र तिन्ही वर्षी तोच निळा रंग. घसरण बारा वर्षं चालू होती, रंग तेवढा 2016 मध्ये बदलला.

याच्याच पोटातली दुसरी चूक म्हणजे ‘ओबामांचे मतदार ट्रम्पकडे गेले’ हे वाक्य. 2012 मध्ये एकूण सुमारे 2,400 मतं पडली, 2016 मध्ये सुमारे 2,850. डेमोक्रॅटिक मतं साडेचारशेच्या आसपास कमी झाली, पण रिपब्लिकन मतं पावणेनऊशेच्या आसपास वाढली. सोडून गेलेला प्रत्येक जण पलीकडे गेला असं मानलं तरी चारशेहून जास्त मतं दुसरीकडून यायला हवीत. आधी घरी बसलेले किंवा नव्याने नाव नोंदवलेले लोक यात असणार. कोण फिरला आणि कोण नव्याने आला, हे काउंटीच्या बेरजेतून कधीच कळत नाही.

टक्केवारी काढताना भलत्याच आकड्याने भागणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. 2020 मध्ये एलियटमध्ये तीनेक हजार मतं पडली. लोकसंख्येने भागलं तर 41 टक्के, आणि लगेच ‘लोक उदासीन आहेत’ असा निष्कर्ष. पण या काउंटीत लिटल सँडी नावाचा राज्याचा तुरुंग आहे. त्यात हजाराच्या आसपास कैदी असतात, आणि अमेरिकेची जनगणना कैद्याला तुरुंगाच्या पत्त्यावरच मोजते. शिक्षा भोगणाऱ्या या माणसांना मताचा अधिकार नाही. त्यांना वगळलं की तोच आकडा 47 टक्क्यांवर जातो. मुलं वगळली की आणखी बराच वर. मत तेवढंच पडलं, भाजक तेवढा बदलला.

मग नोंदणीच्या संख्येने भागावं, तर तिथे उलटा सापळा. 1993च्या मतदार नोंदणी कायद्यानुसार, कुणी दुसरीकडे राहायला गेल्याचा संशय आला तरी नाव लगेच कापता येत नाही. पत्र धाडायचं, उत्तर आलं नाही तर संघराज्याच्या दोन सार्वत्रिक निवडणुका जाऊ द्यायच्या, मग नाव काढायचं. त्यामुळे गाव सोडून गेलेल्यांची नावं यादीत राहतात आणि टक्केवारी आहे त्याहून कमी दिसते. याद्या फुगलेल्या दिसल्या म्हणजे बोगस मतदान झालं, असंही नाही. ते वेगळं सिद्ध करावं लागतं.

मतदानाला पात्र असलेल्यांच्या संख्येने भागणं त्यातल्या त्यात बरं. तरी इतक्या छोट्या काउंटीत तो अंदाजच असतो, म्हणून दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवर भांडू नये.

वेगवेगळ्या निवडणुका एकाच रांगेत लावणं

केंटकीचा गव्हर्नर, म्हणजे राज्य सरकारचा प्रमुख, विषम वर्षी निवडला जातो: 2019, 2023. तेव्हा मतदान अध्यक्षीय वर्षापेक्षा बरंच कमी होतं, म्हणजे येणारे मतदारच वेगळे. 2019 मध्ये याच एलियटने डेमोक्रॅट अँडी बेशिअर यांना आघाडी दिली, तीही ट्रम्प यांना 70 टक्के दिल्यानंतर तीनच वर्षांनी. ‘परत निळी झाली’ म्हणणारे पुढच्याच वर्षी, ट्रम्प यांनी ती पुन्हा जिंकल्यावर, तोंडघशी पडले.

तयार कारणं चिकटवण्याबद्दल थोडक्यात: पूर्व केंटकी म्हटलं की कोळसाखाण, हे समीकरण इथे फारसं चालत नाही. इथला शेतकरी तंबाखूचा. 1938च्या कायद्यापासून चालत आलेली तंबाखूची कोटा पद्धत (कुणी किती तंबाखू विकायची हे सरकार ठरवायचं) 2004 मध्ये मोडीत निघाली, आणि माझ्या मते सरकार आणि शेतकरी यांच्यातला तो जुना धागा तुटणं जास्त बोलकं आहे.

आकडे मुळातून पाहायचे असतील तर केंटकीचं निवडणूक मंडळ निवडणुकीनंतर पक्ष, वय आणि लिंगानुसार मतदानाचे तक्ते जाहीर करतं. फक्त त्यातला ‘डेमोक्रॅट’ हा रकाना नोंदणीचा असतो. त्या माणसाने आत जाऊन कुणाला मत दिलं, याचा नव्हे.