पोरं ढिली पडलीत? आवाज चढवण्याआधी रांग मोडा

प्रॅक्टिसला पोरं मरगळली की बहुतेक कोच पहिलं काय करतात तर ओरडतात, मी पण बरीच वर्षं हेच केलं. दोन मिनिटं पळतात, मग परत ये रे माझ्या मागल्या, आणि महिनाभराने तर तुम्ही घसा फोडला तरी कोणी मान वळवून बघत नाही. खरं सांगू का, आळस पोरांमध्ये कमी आणि आपल्या प्लॅनमध्येच जास्त असतो.

साधा हिशोब करा. 12 पोरं, एक रांग, एकाची पाळी 10 सेकंदांची. म्हणजे प्रत्येकजण 10 सेकंद पळणार आणि 110 सेकंद पायाने माती उकरत उभा राहणार, मग पुढच्याला ढकलाढकली नाही करणार तर काय करणार? तीच पोरं 3-3 च्या 4 रांगांत लावा, थांबणं 20 सेकंदांवर येतं. एक अपवाद मात्र आहे, फुल स्पीडने स्प्रिंट मारायची असेल तर दोन खेपांमध्ये मिनिट-दोन मिनिटं विश्रांती लागतेच, तिथे घाई केली की वेग पडतो आणि स्पीडचं ड्रिल नुसतं दमवायचं ड्रिल होऊन बसतं.

मग आपलं बोलणं. जॉन वुडन म्हणून अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचे बास्केटबॉल कोच होते, 12 वर्षांत 10 राष्ट्रीय विजेतेपदं, त्यांच्या 1974-75 च्या सीझनमधल्या प्रॅक्टिस दोन मानसशास्त्रज्ञांनी बसून टिपून काढल्या. निघालं काय, तर त्यांच्या बोलण्यातला साधारण 75 टक्के भाग म्हणजे नुसती माहिती, काय कर आणि कसं कर, तेही छोट्या छोट्या वाक्यांत. शाबासकी 7 टक्क्यांच्या आसपास, भाषण जवळपास नाहीच. आपण मात्र सगळ्यांना गोल बसवून 6 मिनिटं समजावतो आणि वर म्हणतो पोरांचं लक्ष नसतं. 20 सेकंदांत सांगा, एकदा करून दाखवा, सुरू करा, बाकीचं पळता पळता सांगता येतं, नाव घेऊन, "कोपर वर", "आधी बघ मग पास" एवढंच.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो दोन ड्रिलच्या मधे. तुम्ही कोन (मैदानावर खुणेसाठी ठेवतो ते प्लास्टिकचे शंकू) लावत बसता तेवढ्यात पोरं थंड पडतात, म्हणून पुढचे कोन आधीच लावून ठेवा, आणि प्लॅन मिनिटांसकट चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा (वुडनही कार्ड बाळगायचे). पाणी प्यायला जरूर सोडा, पाणी कधी अडवायचं नाही, फक्त "पिऊन या"च्या जागी "60 सेकंदांत पुढच्या कोनपाशी" म्हणा आणि तुम्ही स्वतः तिकडे पळत जा. तुम्ही रमतगमत गेलात तर तीही रमतगमतच येणार ना.

आकडा दिला की मग जादूच होते. "पास करा" म्हटलं की गप्पा सुरू होतात, "90 सेकंदांत 15 पास, एक पडला की पहिल्यापासून" म्हटलं की तीच पोरं एकमेकांना ओरडायला लागतात, तुम्हाला तोंड उघडावं पण लागत नाही. फक्त नवीन टेक्निक शिकवताना हे घड्याळ बंद ठेवा, कारण घाईघाईत चुकीची सवय लागली की ती मोडायला सीझन जातो. आणि रंगात आलेलं ड्रिल रंगात असतानाच थांबवा, "सर अजून एकदा" ऐकू आलं की समजायचं वेळ बरोबर साधलीय.

राहिला शिक्षेचा राउंड. उशीर केला, मार राउंड, गप्पा मारल्या, मार राउंड, आणि मग त्याच पोरांनी मॅचमध्ये जीव तोडून पळावं असं वाटतं आपल्याला, जे पळणं आपणच त्यांना शिक्षा म्हणून शिकवलंय. मी त्याऐवजी चुकलेल्या पोराला पुढचं एक ड्रिल बाहेर बसवतो. ड्रिल मजेचं असेल तर दोन मिनिटांत स्वतःच येऊन विचारतो, "येऊ का आत?"