अमेरिकन फुटबॉलची रुकी कार्डे: निवड, पारख आणि जतन

अमेरिकन फुटबॉलमधील नामवंत खेळाडूंची रुकी कार्डे, म्हणजे त्यांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीची छायाचित्र असलेली छापील कार्डे, जमवू लागलेले बहुतेक जण आधी खेळाडू ठरवतात आणि त्याचे मिळेल ते कार्ड घेऊन टाकतात. वास्तविक कार्ड कोणत्या संचातले आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, यावरही त्याचे मोल तितकेच अवलंबून असते.

एनएफएल या अमेरिकेतील मुख्य व्यावसायिक लीगच्या परवान्याने निघालेल्या मुख्य संचातील खेळाडूचे पहिले कार्ड ते रुकी कार्ड, असा सर्वसाधारण संकेत आहे. जुन्या काळात ते पहिल्याच हंगामात निघेल याची खात्री नसे. जो मोंटाना १९७९ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक प्रक्रियेत) निवडला गेला, पण त्याचे टॉप्स या कार्डे काढणाऱ्या कंपनीचे रुकी कार्ड १९८१ चे आहे. डॅन मरिनो आणि जॉन एलवे १९८३ मध्ये लीगमध्ये आले, त्यांची कार्डे १९८४ ची. स्टीव्ह यंग, जिम केली आणि रेजी व्हाइट यांच्या बाबतीत तर गुंता आणखी वाढतो, कारण हे तिघे आधी यूएसएफएल या प्रतिस्पर्धी लीगमध्ये खेळले आणि टॉप्सने १९८४ मध्ये त्या लीगचा स्वतंत्र पेटीबंद संच काढला होता. काटेकोर संग्राहक त्यांची नंतरची एनएफएल कार्डेच रुकी मानतात, तरीही बाजारात मागणी मात्र यूएसएफएलच्या कार्डांना जास्त असते. माझ्या मते येथे बाजाराचेच बरोबर आहे.

अलीकडच्या कार्डांत अडचण उलटी आहे: एकाच खेळाडूची रुकी कार्डे डझनावारी निघतात. अशा वेळी संग्राहकांत मान असलेला संच निवडावा, आणि कार्डावर छापील अनुक्रमांक असल्यास एकूण प्रती किती आहेत ते पाहावे. टॉम ब्रॅडी २००० च्या ड्राफ्टमध्ये १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच वर्षीच्या प्लेऑफ कंटेंडर्स संचातील त्याच्या स्वाक्षरीच्या चॅम्पियनशिप तिकीट कार्डाच्या केवळ १०० प्रती आहेत, आणि त्यांपैकी एक २०२१ मध्ये ३० लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकली गेली. महाविद्यालयीन गणवेशातली किंवा संघाचे चिन्ह नसलेली विनापरवाना कार्डे स्वस्त मिळतात, पण पुढे त्यांना गिऱ्हाईक शोधणे कठीण जाते.

पैसा मुख्यतः क्वार्टरबॅकांच्या, म्हणजे संघाचे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूंच्या, कार्डांवर लागतो. बचावपटू हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत, पोहोचला तरी त्याचे कार्ड तुलनेने आवाक्यात राहते, त्यामुळे मर्यादित खर्चात चांगला संग्रह उभा करायचा असेल तर तिकडे जरूर वळावे. नवोदित क्वार्टरबॅकचे कार्ड घ्यायचे असल्यास, सलग दोन-तीन सामने गाजवून त्याचे नाव सर्वतोमुखी झालेले असताना न घेता हंगाम संपेपर्यंत थांबावे. भाव ठरवताना विक्रेत्याने मागितलेली किंमत बाजूला ठेवून प्रत्यक्ष झालेल्या विक्रीच्या नोंदी पाहाव्यात.

पारख करताना चार गोष्टी तपासतात: छपाईचे मध्यसंतुलन (चित्र कार्डाच्या बरोबर मध्यभागी असणे), कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. जेरी राइसचे १९८६ चे टॉप्स कार्ड या दृष्टीने उत्तम धडा आहे. त्याची किनार हिरवी असल्याने कडेचा रंग जरा जरी उडाला तरी आतला पांढरा पुठ्ठा लगेच डोळ्यांत भरतो, आणि म्हणूनच हे कार्ड निर्दोष अवस्थेत क्वचित सापडते. कार्ड दिव्याखाली तिरपे धरावे, म्हणजे समोरून न दिसणारे ओरखडे आणि दाबाच्या खुणा दिसतात. मोंटाना आणि राइस यांच्या कार्डांच्या बनावट प्रतीही फिरतात. अस्सल छपाईत छायाचित्र ठिपक्यांचे असले तरी काळी अक्षरे सहसा भरीव असतात. भिंगाखाली अक्षरेही ठिपक्यांची दिसली तर व्यवहार तिथेच थांबवावा. महागडे जुने कार्ड पीएसए, बेकेट किंवा एसजीसी या ग्रेडिंग करणाऱ्या, म्हणजे कार्डाची अस्सलता व अवस्था तपासून श्रेणी देणाऱ्या, संस्थांनी तपासून डबीत सीलबंद केलेलेच घ्यावे, आणि डबीवरचा प्रमाणपत्र क्रमांक त्या संस्थेच्या नोंदीशी ताडून पाहावा. स्वस्त कार्ड ग्रेडिंगला पाठवण्यात अर्थ नाही, कारण शुल्क कार्डापेक्षा जड होते.

सुटे कार्ड आधी मऊ पातळ पाकिटात आणि मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे वरून उघड्या कडक प्लॅस्टिकच्या आवरणात, सरकवावे. पाकिटाशिवाय थेट घातल्यास आतल्या प्लॅस्टिकने पृष्ठभागावर चरे पडतात. पीव्हीसीची पाने असलेले अल्बम वापरू नयेत. स्वाक्षरीची कार्डे उन्हापासून दूर ठेवावीत, कारण प्रकाशाने शाई फिकी पडते.