सी शिकायची का? हो, पण अशी

सेकंड इयर सुरू झालं की माझ्याकडे येणारी मुलं-मुली हमखास विचारतात, "ताई, सगळं तर पायथनमध्ये होतं, उरलेलं एआय लिहून देतो. मग सी आणि असेंब्लीत वेळ का घालवायचा?" माझं उत्तर ठरलेलं आहे. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकाच. असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या थेट सूचनांची भाषा, वाचता येण्याइतकी शिका, लिहिता आली नाही तरी चालेल. हे सगळं करायचं ते मशीनची मेमरी डोळ्यांनी पाहता यावी म्हणून. मी पुण्यात गाड्यांच्या कंट्रोल युनिटसाठी फर्मवेअर (चिपमध्येच बसणारं सॉफ्टवेअर) लिहिते, त्यामुळे सी हे माझं रोजचं काम. पण हा सल्ला मी वेब, ॲप किंवा डेटा सायन्सकडे जाणाऱ्यांनाच जास्त आग्रहाने देते. फर्मवेअरमध्ये येणाऱ्याला सी शिकावीच लागते, त्याला कोणी सांगायची गरज नसते.

पहिलीच भाषा म्हणून मात्र सी घेऊ नये असं माझं मत आहे. लूप म्हणजे काय, फंक्शन म्हणजे काय हे कळायच्या आधीच पॉइंटर (मेमरीतला पत्ता साठवणारा व्हेरिएबल) समोर आला की पोरं घाबरतात आणि ती भीती चौथ्या वर्षापर्यंत जात नाही. आधी पायथनमध्ये दोन-चार छोटे प्रोग्रॅम स्वतःच्या डोक्याने लिहा, मग सीकडे या. कॉलेजने पहिल्याच सेमिस्टरला सी लावली असेल तर तेव्हा पास व्हा आणि सेकंड इयरच्या सुट्टीत पुन्हा नव्याने बसा.

बसताना निळ्या पडद्याचा टर्बो सी बाजूला ठेवा. बऱ्याच लॅबमध्ये तो अजून डॉसबॉक्सवर (जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालतो आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ‘व्हॉइड मेन’ आणि ‘क्लिअरस्क्रीन’ लिहावं लागतं, ते लिहा. पण शिकायला तो नको. तो १६ बिटच्या डॉससाठी बनलेला कंपायलर (कोडचं मशीनच्या सूचनांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) आहे, त्यात इंट, म्हणजे पूर्णांक, २ बाइटचा असतो आणि ३२,७६७ च्या पुढे गेला की उलटून उणे होतो. तुमच्या लॅपटॉपवर इंट ४ बाइटचा आहे. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाकून त्यात उबुंटू लिनक्स घ्या, मग जीसीसी (कंपायलर) आणि जीडीबी (प्रोग्रॅम थांबवून आत बघायचं साधन) एका कमांडने येतात. आणि एक सवय पहिल्या दिवसापासून लावा: जीसीसीला ‘जी’, ‘वॉल’, ‘डब्ल्यूएक्स्ट्रा’ आणि ‘एफसॅनिटाइझ=ॲड्रेस’ हे चार पर्याय, प्रत्येकाआधी हायफन लावून, दिल्याशिवाय कंपाइल करायचंच नाही. यातला शेवटचा म्हणजे सॅनिटायझर, तो मेमरीतल्या चुका प्रोग्रॅम चालताना पकडतो. वॉर्निंग आली की ती पूर्ण वाचायची आणि कारण समजल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता पहिला प्रोग्रॅम. ‘हॅलो वर्ल्ड’ सगळ्यांनी केलेला असतो, मी मुलांना ‘मराठी’ हा शब्द देते. एका कॅरेक्टर ॲरेत ‘मराठी’ लिहा आणि स्ट्रलेनने त्याची लांबी छापा. डोळ्यांना अक्षरं दिसतात तीन: म, रा, ठी. पायथनला हाच शब्द दिला तर तो ५ सांगतो, कारण काना आणि वेलांटी तो वेगळे मोजतो. सी बाइट मोजते आणि सांगते १५. साइझऑफने ॲरेची एकूण जागा विचारली तर १६, कारण शेवटी शून्याचा एक बाइट असतो आणि स्ट्रिंग तिथे संपते हे सीला फक्त त्यावरून कळतं.

इथे थांबू नका. लूप लावून एकेक बाइट हेक्समध्ये (१६ च्या पायाच्या अंकांत) छापा. बहुतेकांना पहिल्यांदा ‘एफएफएफएफएफएफई०’ असं लांबलचक काहीतरी दिसतं. कारण इंटेलवर साधा कॅर (कॅरेक्टरचा एक बाइटचा प्रकार) अधिक-उणे चिन्हासकट असतो आणि प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनकडे जाताना तो ताणून इंट होतो. अनसाइन्ड कॅर करा, मग नीट दिसेल: ई०, ए४, एई. हा झाला ‘म’. पुढचे तीन बाइट ‘र’ चे, पुढचे तीन कान्याचे. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये मांडायच्या या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, हे स्लाइडवर वाचणं वेगळं आणि स्वतःच्या टर्मिनलवर मोजणं वेगळं.

आता या शब्दाचे फक्त पहिले १० बाइट दुसऱ्या ॲरेत घ्या, शेवटी शून्य ठेवा आणि छापा. ‘मरा’ येतं आणि त्यापुढे एक तुटकं चिन्ह, कारण दहावा बाइट ‘ठ’ चा पहिला तुकडा आहे. एखाद्या पावतीवर किंवा लेबलवर मराठी नाव अर्धवट कापलेलं आणि शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन आलेला तुम्ही पाहिला असेल, तर त्यामागे बऱ्याचदा नेमकं हेच असतं. कोणीतरी नावासाठी बाइट मोजून जागा ठेवली आणि त्यालाच अक्षरं समजलं. मराठी एसएमएस ७० अक्षरांत का संपतो, इंग्रजी १६० पर्यंत का जातो, याचं उत्तरही बाइटमध्येच आहे. एका मेसेजला १४० बाइट मिळतात. इंग्रजी अक्षर ७ बिटांत बसतं, तर देवनागरीच्या चिन्हाला तिथे २ बाइट लागतात. (तिथे यूटीएफ-८ वापरत नाहीत, म्हणून ३ नाही.)

याच शब्दावर शेवटचा प्रयोग करा, तो सगळ्यात महत्त्वाचा. मॅलॉकने (मेमरी मागायच्या फंक्शनने) १५ बाइट मागा आणि त्यात ‘मराठी’ स्ट्रकॉपीने टाका. सॅनिटायझर न लावता चालवलं तर काहीच होत नाही, प्रोग्रॅम सुखाने चालतो. कारण ६४ बिटच्या लिनक्सवर १५ मागितले तरी मॅलॉक प्रत्यक्षात २४ बाइट वापरता येतील अशी जागा देतो. सॅनिटायझर लावून चालवा: लाल अक्षरांत ‘हीप बफर ओव्हरफ्लो’, १५ बाइटच्या जागेत १६ बाइट लिहायचा प्रयत्न, आणि खाली तुमच्या फाइलमधला ओळ क्रमांक. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ या वाक्याचा काहीही भरवसा का नसतो, हे मला वर्गात तासभर बोलून पटवता येत नाही. या एका प्रयोगाने पटतं.

एवढं झालं की पॉइंटरची भीती बरीचशी गेलेली असते. मग जीडीबीत जाऊन एका इंटमध्ये १ ठेवा आणि त्याचे चार बाइट बघा: ०१ ०० ०० ००. कमी किमतीचा बाइट आधी. पायथनमध्ये हाच १ किती जागा घेतो ते ‘गेटसाइझऑफ’ला विचारा, २८ बाइट सांगेल. त्यात किती जण हा आकडा वापरताहेत त्याची मोजणी, प्रकाराचा पत्ता, लांबी, आणि शेवटी खरा आकडा असं सगळं आहे. लाखो आकडे पायथनच्या लिस्टमध्ये ठेवण्याऐवजी नमपायमध्ये (नुसते आकडे सलग ठेवणाऱ्या लायब्ररीत) का ठेवायचे, हे मग पाठ करावं लागत नाही.

स्ट्रक्चरचंही, म्हणजे वेगवेगळे घटक एकत्र बांधणाऱ्या प्रकाराचंही, एकदा करून बघा. आधी कॅर, मग इंट, मग कॅर असं स्ट्रक्चर १२ बाइटचं होतं. तेच तीन घटक इंट, कॅर, कॅर अशा क्रमाने ठेवले तर ८. इंटला चारच्या पटीतला पत्ता हवा म्हणून कंपायलर मध्ये रिकामे बाइट भरतो. लॅपटॉपवर याने काही बिघडत नाही. पण ‘ब्लू पिल’ या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर एकूण रॅम २० केबी, त्यात अशी हजार रेकॉर्डं ठेवायची तर १२,००० की ८,००० बाइट हा फरक फार मोठा आहे.

डेटा सायन्सवाल्यांनी पुढचा प्रयोग चुकवू नये. ४०९६ गुणिले ४०९६ चा इंटचा ॲरे घ्या. तो मेनच्या आत जाहीर केला तर प्रोग्रॅम सेगमेंटेशन फॉल्ट देऊन मरेल, कारण त्याला ६४ एमबी लागतात आणि लिनक्सवर स्टॅक (फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलची जागा) साधारण ८ एमबीचा असतो. हा फॉल्ट मुद्दाम एकदा बघून घ्या, मग ॲरे मेनच्या बाहेर काढा. त्यात आधी आकडे भरा. नंतर सगळ्यांची बेरीज दोनदा करा: एकदा ओळीने, एकदा उभ्या रांगेने. वेळ मोजताना सॅनिटायझर बंद ठेवा आणि बेरीज शेवटी छापा, नाहीतर ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करायचा पर्याय) लावल्यावर कंपायलर अख्खा लूपच काढून टाकू शकतो. दोन्हीकडे बेरजा तेवढ्याच, १ कोटी ६८ लाखांच्या आसपास, पण उभी रांग कित्येक पट हळू चालते. प्रोसेसर मेमरीतून एका वेळी बहुधा ६४ बाइट, म्हणजे १६ इंट उचलतो. ओळीतले आकडे मेमरीत सलग असतात, म्हणून ओळीने गेलात तर ते सोळाच्या सोळा कामी येतात. उभे गेलात तर एक वापरून पंधरा वाया. वेळेच्या जटिलतेच्या सूत्रात दोन्ही प्रोग्रॅम सारखेच दिसतात. अल्गोरिदमच्या पेपरात फुल मार्क मिळवणाऱ्या मुलांना हे बघून सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं, आणि ते आश्चर्य मला फार आवडतं.

असेंब्लीबद्दल थोडक्यात. मायक्रोप्रोसेसरच्या लॅबमधला ८०८६ हा १९७८ चा प्रोसेसर. त्याची प्रॅक्टिकल्स मन लावून करा, रजिस्टर आणि फ्लॅग तिथेच कळतात. पण स्वतःचा कोड कसा उतरतो ते बघायला ब्राउझरमध्ये ‘कंपायलर एक्सप्लोरर’ उघडा. डावीकडे दोन आकड्यांची बेरीज करणारं फंक्शन लिहा, ऑप्टिमायझेशन ‘ओ-२’ ठेवा. उजवीकडे फक्त दोन सूचना उरतात, एक ‘एलईए’ (इथे बेरीज करणारी) आणि एक ‘रेट’ (फंक्शनमधून परतणारी). मग १ पासून एनपर्यंत बेरीज करणारा लूप लिहा आणि कंपायलर क्लँग निवडा. लूप गायब! शाळेत शिकलेलं सूत्र वापरून त्याने गुणाकारच करून टाकलेला दिसतो. आठवड्यातून एखादा तास असं वाचलंत तरी पुरे.

रस्ट या नव्या भाषेचं काय, हेही हल्ली विचारतात. रस्ट जरूर शिका, सीनंतर. २०१५ मध्ये तिची १.० आवृत्ती आली आणि २०२२ च्या अखेरीपासून लिनक्स कर्नलमध्येही (लिनक्सच्या गाभ्यातही) तिला जागा मिळाली, त्यामागे ठोस कारण आहे. २०१४ मध्ये उघड झालेल्या हार्टब्लीड या सुरक्षेच्या त्रुटीत समोरचा ‘माझा मेसेज ६४ केबीचा आहे’ असं सांगायचा, पाठवायचा जेमतेम काही बाइट, आणि ओपनएसएसएल हे एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर तपासणी न करता शेजारची तेवढी मेमरी परत पाठवायचं. त्यात पासवर्ड आणि एन्क्रिप्शनच्या खासगी किल्ल्याही जाऊ शकत होत्या. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं की दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या गफलतींच्या असतात. रस्टचा कंपायलर यातल्या बऱ्याच गोष्टी आधीच अडवतो. पण ज्याने १५ बाइटमध्ये १६ घालून बघितलेले नाहीत त्याला तो कंपायलर नुसता अडवणारा वाटतो, कशापासून वाचवतोय ते कळत नाही.

वेळ किती द्यायचा? रोज तास दिला तर एका सेमिस्टरमध्ये हे सगळं आरामात होतं. प्लेसमेंट तोंडावर असेल तर मराठी शब्दाचा प्रयोग आणि ४०९६ गुणिले ४०९६ च्या ॲरेचा प्रयोग एवढे दोनच करा, बाकी नोकरी लागल्यावर. अडलं तर एआयला विचारा, पण कोड मागू नका. तुमचा कोड आणि सॅनिटायझरचा अहवाल देऊन ‘हे का झालं’ एवढंच विचारा आणि उत्तर जीडीबीत पडताळून घ्या. इंग्रजी जड जात असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये सीचे धडे मराठीतून आहेत.

आणि ज्यांना यात गोडी वाटेल त्यांनी आर्डुइनो उनो आर-३ हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घ्या. त्यात रॅम फक्त २ केबी आणि इंट पुन्हा २ बाइटचा. ‘मिलिस’ची किंमत (बोर्ड सुरू होऊन किती मिलिसेकंद झाले ते) इंटमध्ये साठवून दर सेकंदाला सिरियल मॉनिटरवर छापा. ३२ सेकंदांनंतर काय होतं ते बघा आणि का होतं ते मला न विचारता शोधा.