‘सगळ्यांना मान्य आहे ना?’ : बचत गटांसोबत काम सुरू करताना

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करून मी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात महिला बचत गटांसोबत कामाला लागले, तेव्हा पंचसूत्री तोंडपाठ होती: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड, नियमित हिशेबलेखन. समूहकार्याच्या पेपरला मार्कही चांगले पडले होते. वर्षाच्या शेवटी एका गटाचं पापडाचं मशीन पडवीत पोत्याखाली झाकलेलं पाहिलं आणि तिथून माझं खरं शिक्षण सुरू झालं.

तो बारा जणींचा गट. बैठक मारुतीच्या देवळापुढे सतरंजीवर व्हायची. अध्यक्ष काकू बोलक्या, बँकेत मॅनेजरसमोर न घाबरता बोलणाऱ्या. मशीनचा विषय त्यांनीच काढला. तीन-चार जणी उत्साहानं बोलल्या, जागा काकूंच्या घरची ठरली. मी विचारलं, “सगळ्यांना मान्य आहे ना?” माना हलल्या. ठराव लिहिला, सह्या-अंगठे झाले, कर्ज मिळालं, मशीन आलं. दुसऱ्या महिन्यापासून कामाला चौघीच येऊ लागल्या.

बाकीच्या का येत नाहीत, हे मला बैठकीत कुणीही सांगितलं नाही. कुणाचं दुखतंय, कुणाकडे पाहुणे आलेत, एवढंच ऐकायला मिळालं. सोयाबीनच्या काढणीला मी त्यातल्या एका वहिनींसोबत दुपारची भाकरी खायला बांधावर बसले, तेव्हा त्या बोलल्या. “ताई, मशीन त्यांच्या घरात. आमच्या वस्तीवरच्या बाया त्यांच्या ओट्यापर्यंत जातात. आत कधी गेल्याच नाहीत. हे चारचौघींत कसं बोलावं?”

मी ज्याला होकार समजले होते, तो पिढ्यानपिढ्यांचा गप्प राहण्याचा सराव होता. तुम्ही माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) सहयोगिनी व्हा, उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) सीआरपी, म्हणजे गावपातळीवर गटांना मदत करणाऱ्या ताई, व्हा किंवा एखाद्या संस्थेतून गावात जा, हलणाऱ्या मानेवरून ठराव लिहू नका. एवढी एक गोष्ट धरून ठेवलीत तरी माझं हे लिहिणं कामी आलं.

त्यानंतर मी डायरीत प्रत्येक बैठकीचा नकाशा काढू लागले. सतरंजीवर मधोमध कोण, कडेला कोण, चपलांपाशी कोण. कुणी बोललं की तिच्या नावापाशी ठिपका आणि कुणाकडे बघून बोललं तिकडे बाण. जेकब मोरेनो यांनी १९३०च्या दशकात गटातली नाती अशीच रेघांनी मांडायची पद्धत रुजवली, तिला सोशिओग्राम म्हणतात. कॉलेजात तो मी परीक्षेपुरता वाचला होता. दोन बैठकांचे नकाशे शेजारी ठेवले, तर जवळजवळ सगळे बाण दोनच नावांपाशी थांबत होते. एक अध्यक्ष काकू आणि दुसरी त्यांची जाऊ, जिच्याकडे कुठलंच पद नव्हतं. काकू निर्णय सांगायच्या, पण आधी जावेकडे बघायच्या. नव्या माणसाला पदं दिसतात, ही नजर दिसायला वेळ लागतो.

नाती आधीच विचारून घ्या. सासू आणि सून एकाच गटात असतील तर सून कर्ज मागणार नाही, मागितलं तरी कशासाठी ते खरं सांगणार नाही. हे मी इतक्या गटांत पाहिलंय की आता गट बांधतानाच दोघींना वेगवेगळ्या गटांत बसायला सुचवते. गट लहान ठेवा, असंही सांगेन. दहा-बारा जणींत एखादी गप्प असली तर लक्षात येते. अठरा-वीस जणींत सहा जणी गप्प असल्या तरी बैठक छान झाल्यासारखी वाटते.

मशीनच्या जागेचा प्रश्न शेवटी चिंचोक्यांनी सुटला. दोन रिकामे डबे देवळाच्या भिंतीमागे ठेवले, एक काकूंच्या घराचा, दुसरा ग्रामपंचायतीच्या रिकाम्या खोलीचा. प्रत्येकीच्या हातात एक चिंचोका. एकेकीनं जायचं, टाकायचा, परत येऊन बसायचं. डबे सतरंजीवर ओतले: खोलीचे नऊ, घराचे तीन. बराच वेळ कुणी बोललं नाही. काकू एवढंच म्हणाल्या, “आधी का नाही सांगितलं गं?” पुढच्या दोन बैठकांना त्या आल्या नाहीत. मी घरी जाऊन आले, समजूत घातली नाही, चहा घेतला. तिसऱ्या बैठकीला त्या आल्या आणि हिशेबाची वही मागून घेतली.

भांडणाचं थोडं सांगते, कारण नवी मुलं भांडणाला फार घाबरतात. ब्रूस टकमन यांनी १९६५ साली गटाच्या वाढीचे टप्पे मांडले: जमणं, खटके उडणं, रीत बसणं, काम उभं राहणं. बचत गटात दुसरा टप्पा कधी येतो, हे माझ्या अनुभवावरून सांगते. महिन्याला शंभर रुपये बचत असलेल्या अकरा जणींकडे सहा महिन्यांत ६,६०० रुपये जमतात आणि पहिलं कर्ज कुणाला, यावर आवाज चढतात. असं पहिलं भांडण माझ्यासमोर झालं तेव्हा मी मध्ये पडले आणि नाव ठरवून टाकलं. पुढं ते कर्ज थकलं. वसुलीचं काय, असं विचारल्यावर उत्तर आलं, “ताईंनी दिलंय, ताई बघतील.” त्यानंतर मी भांडण चालू देते. अंगावर धावून जाण्याची किंवा जातीवरून बोलण्याची वेळ आली तर लगेच थांबवते, एरवी नाही. दुसऱ्या एका गटानं भांडता भांडताच रीत बसवली: आधी दवाखाना, मग शाळेची फी, मग शेती. तो नियम त्यांचा असल्यामुळे मोडायला कुणी धजत नाही.

कामाच्या वाटपाचं मात्र लवकर ठरवून घ्या. ‘भागीचं घोडं किवणानं मेलं’ हे आपल्याकडे म्हणतातच. मॅक्स रिंगलमन या फ्रेंच अभियंत्यानं दोर ओढायला लावून हेच मोजलं होतं: माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर थोडा कमी पडतो. आमच्या पापडाच्या कामात पीठ भिजवणारी, लाट्या करणारी, वाळवण राखणारी, वजन करून पिशव्या भरणारी अशी नावं फळ्यावर लिहिली आणि मजुरी किलोवर धरली. रोजची कुरकुर निम्म्यावर आली. कोण किती करतं हे दिसलं की संशय राहत नाही.

तुमच्या स्वतःबद्दल. खुर्ची दिली तरी घेऊ नका, सतरंजीवर गोलात बसा. इतिवृत्त सचिवाला लिहू द्या, अक्षर वेडंवाकडं असलं तरी. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजा. ती शांतता असह्य होते आणि आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. ते टाळता आलं तर सातव्या-आठव्या आकड्याला कडेची कुणीतरी तोंड उघडते. फेरी घ्यायची असेल तर तिच्यापासून सुरू करा. अध्यक्षांपासून केली तर पुढच्या सगळ्या जणी ‘त्या म्हणतात तेच’ म्हणतात.

आणि बैठक संपल्यावर मोटारसायकलला किक मारून निघू नका. वही मिटली की खरं बोलणं सुरू होतं, सतरंजी झटकताना, हापशावर घागर भरताना. जिचा आवाज आज आला नाही तिच्यासोबत तिच्या घरापर्यंत चालत जा. खुरपणी-काढणीच्या दिवसांत सकाळी तिला गाठू नका, दिवसाची मजुरी बुडते. दिवेलागणीला जा, चुलीपाशी बसा, वही पिशवीतच राहू द्या.